दुकान घेण्याआधी एसीचे कागद मागा

इंग्लंडमध्ये दुकानातल्या एसीची दर पाच वर्षांनी कायद्याने तपासणी करून घ्यावी लागते, हे मला २०२३ साली कळलं. तोवर मी इथे दुसऱ्यांच्या फार्मसीत पगारावर काम करत होते. एसी चालू असायचा, बिघडला की कुणीतरी येऊन दुरुस्त करून जायचं. त्याच्यामागे काही कागदपत्र असतं, याच्याशी माझा कधी संबंध आला नव्हता. मग रेडिंगजवळच्या एका गावातली जुनी फार्मसी विकायला निघाली आणि मी आणि नवऱ्याने ती घ्यायचं ठरवलं. मार्चच्या शेवटी किल्ल्या मिळणार होत्या.

सौदा ठरला की इथे वकिलांमध्ये प्रश्नोत्तरं सुरू होतात. आमच्या वकीलबाईंनी विकणाऱ्याला लांबलचक प्रश्नावली पाठवली. छताची गळती, शेजाऱ्याशी वाद, आगीची उपकरणं, सगळं त्यात होतं. त्यातच एक प्रश्न एसीच्या तपासणी अहवालाचा होता. उत्तर आलं, ‘खरेदीदाराने स्वतः चौकशी करून घ्यावी.’ मला वाटलं, असेल काहीतरी साचेबंद उत्तर. वकीलबाई म्हणाल्या, हे उत्तर आलं की बहुतेक वेळा अहवाल नसतोच. आणि नसेल, तर दुकान ताब्यात घेतल्यापासून तीन महिन्यांच्या आत तपासणी करून घेण्याची जबाबदारी तुमची. आधीच्या माणसाने का केली नाही, हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारणार नाही आणि तुमच्याकडून ते कारण ऐकूनही घेणार नाही.

मी दंड विचारला. अहवाल नसल्याचा ठरलेला दंड ३०० पौंड. ट्रेडिंग स्टँडर्ड्सच्या अधिकाऱ्याने अहवाल मागितला आणि सात दिवसांत दाखवता आला नाही, तर आणखी २००. ट्रेडिंग स्टँडर्ड्स म्हणजे आपल्याकडच्या वजनमापे खात्यासारखं स्थानिक खातं. रक्कम ऐकून नवरा म्हणाला, फार नाही. मला मात्र रकमेपेक्षा नव्या फार्मसीच्या नावावर पहिल्याच वर्षी दंडाची नोंद नको होती. परवान्याच्या धंद्यात माणूस अशा गोष्टींना घाबरतो. मी घाबरले होते.

नियम काय आहे ते आधी सांगते, कारण याच्याबद्दल मला जितक्या माणसांनी जितकं सांगितलं, त्यातलं निम्मं चुकीचं निघालं. इमारतींच्या ऊर्जावापराबद्दल युरोपने २००२ साली एक निर्देश काढला. त्यातून ही एसीची तपासणी ब्रिटनमध्ये आली. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ चे नियम लागू आहेत. एसीची थंड करण्याची क्षमता १२ किलोवॉटपेक्षा जास्त असेल, तर मान्यताप्राप्त तपासनिसाकडून दर पाच वर्षांनी तपासणी. १ जानेवारी २००८ नंतर बसवलेल्या एसीची पहिली तपासणी बसवल्यापासून पाच वर्षांत. अहवाल सरकारी नोंदवहीत चढवावा लागतो, नुसता आपल्या फायलीत ठेवून चालत नाही. युरोपने २०१८ साली हीच मर्यादा ७० किलोवॉटवर नेली, पण इथे १२ च राहिली. तेव्हा हॉलंडमधल्या नातेवाइकाने ‘आम्हाला असलं काही करावं लागत नाही’ म्हटलं, तर ते त्यांच्यापुरतं खरं असेल, तुमच्यापुरतं नाही.

आता हे १२ किलोवॉट कसे मोजायचे? इथेच पहिला घोळ झाला.

आधीच्या मालकाच्या एसीची देखभाल एक कंपनी करायची. त्यांना फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, तुमच्याकडे एकही युनिट बारा किलोवॉटचं नाही, सगळी छोटी आहेत, तुम्हाला तपासणी लागत नाही. इतक्या खात्रीने म्हणाला की मी जवळजवळ विषय सोडून दिला होता. पण वकीलबाईंनी सरकारची मार्गदर्शक पुस्तिका पाठवली होती, ती रात्री जेवणं झाल्यावर वाचायला घेतली. त्यात सरळ लिहिलं आहे की एका इमारतीत एकाच माणसाच्या ताब्यातली सगळी युनिटं मिळून एक यंत्रणा धरायची. म्हणजे बेरीज करायची.

बेरीज करायला आकडे हवेत. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मागच्या अंगणात गेले. तिथे भिंतीशी आउटडोअर युनिटं उभी आहेत. प्रत्येकाच्या कडेला माहितीची पट्टी असते. पण ती नेमकी भिंतीच्या बाजूला, ऊनपावसाने फिकी झालेली. हात आत घालून मोबाइलने फोटो काढला आणि तो मोठा करून वाचला. पट्टीवर किलोवॉटचे दोन आकडे असतात. एक यंत्र वीज किती खातं त्याचा, दुसरा ते थंड किती करतं त्याचा. मोठ्या युनिटवर पहिला आकडा दोनच्या जरा वर होता आणि दुसरा ७.१. कायद्याला हा दुसरा आकडा हवा असतो. बरेच जण पहिला वाचतात आणि आपण मर्यादेच्या खूप खाली आहोत असं समजतात.

दुकानाच्या पुढच्या भागात छतात बसवलेल्या दोन कॅसेट, प्रत्येकी ७.१. औषधं काढून द्यायच्या मागच्या खोलीत एक ५ चं. लसीकरण आणि तपासणीच्या छोट्या खोलीत एक २.५ चं. एकूण २१.७ किलोवॉट. एकही युनिट बाराचं नाही, हे त्या माणसाचं म्हणणं अगदी बरोबर होतं. निष्कर्ष मात्र चुकला होता.

मग घरमालकाला विचारलं. इथल्या घरमालकांचा पहिला शब्द ‘भाडेकरार वाचा’ असतो. वाचला. दुकानातली सगळी यंत्रं भाडेकरूची, देखभालही भाडेकरूची. कायदाही ‘मालक कोण’ असं विचारत नाही, यंत्रणा चालवण्याचं नियंत्रण कुणाकडे आहे ते विचारतो. नुसतं तापमान कमीजास्त करता येणं म्हणजे नियंत्रण नव्हे. पण आमच्याकडे मुख्य स्विच, टायमर, दुरुस्तीचं कंत्राट, सगळंच होतं. प्रश्न मिटला.

तपासनीस शोधायला लागले तेव्हा दोन अनुभव आले, ते सांगायलाच हवेत. एका कंपनीच्या माणसाने फोनवर मला हजारो पौंडांच्या दंडाची भीती घातली आणि आजच्या आज कार्डाने पैसे भरा म्हणाला. मी ठरलेल्या दंडाचा आकडा सांगितल्यावर आवाज बदलला. दुसऱ्या कंपनीने फारच कमी भाव सांगितला. यायचं कधी, असं विचारल्यावर म्हणाले, यायची गरज नाही, तुम्ही पट्ट्यांचे फोटो पाठवा, आम्ही अहवाल बनवून पाठवतो. कागद लवकर हातात पडेल, हा मोह मला झाला होता. तीन महिन्यांतला बराच काळ दुकानाची मांडणी, कामगार आणि संगणक यांतच गेला होता. पण जो माणूस जागेवर आलाच नाही, त्याने फिल्टर कसा बघितला? त्या अहवालात काय लिहिलं असतं, कुणास ठाऊक.

मला खरी मदत झाली ती आमच्या मराठी मंडळातल्या एका काकांची. आयुष्यभर मोठ्या इमारतींच्या एसीची कामं केलेले, आता निवृत्त आहेत. त्यांना फोन केला. म्हटलं, ‘काका, सर्व्हिसिंग तर दरवर्षी होतं म्हणे. मग ही तपासणी वेगळी कशाला?’

‘अगं, सर्व्हिसिंगवाला तुझं यंत्र चालतंय का ते बघतो. तपासनीस ते इतकं चालायची गरज आहे का ते बघतो. आणि गॅसगळतीची तपासणी ही तिसरीच. ती झालीय का तुझ्याकडे?’

झाली होती का, ते मला माहीत नव्हतं. काकांनी फोनवरच शिकवलं. एसीत भरलेल्या गॅसचा वातावरणावर होणारा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या टनांत मोजतात. आमच्या मोठ्या युनिटमध्ये आर-४१०ए नावाचा गॅस आहे. त्याचा एक किलो म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे २०८८ किलो. एका मोठ्या युनिटमध्ये साडेतीन किलो गॅस, म्हणजे सात टनांहून थोडा जास्त. अशा यंत्रांना पाच टनांच्या वर गेलं की वर्षातून एकदा गळतीची तपासणी आणि त्याची लेखी नोंद बंधनकारक. छोटी युनिटं त्या मर्यादेच्या खाली बसत होती. हा कायदा पाच वर्षांच्या तपासणीहून वेगळा आहे, पण तपासनीस आला की या नोंदी मागतो. नसल्या तर अहवालात तसं लिहितो.

‘टीएम ४४ म्हणून विचार,’ काका म्हणाले, ‘इथली माणसं तपासणीला त्याच नावाने ओळखतात.’ इथल्या इमारतसेवा इंजिनिअरांच्या संस्थेने या तपासणीची पद्धत ज्या पुस्तिकेत घालून दिली आहे, तिचं हे नाव. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती फार उपयोगाची. सरकारच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की जवळपासच्या मान्यताप्राप्त तपासनिसांची नावं येतात. तिथेच इमारतीचा पोस्टकोड टाकला की तिच्या एसीचा अहवाल कधी नोंदला गेलाय का, तेही दिसतं. मी आमच्या दुकानाचा टाकला. इमारतीचं ऊर्जा प्रमाणपत्र दिसलं. एसीचा अहवाल कधीच नोंदला गेला नव्हता.

त्या यादीतून एक तपासनीस निवडला. स्वतः येणार, प्रत्येक युनिट बघणार, नोंदणीचं शुल्क धरून तीनशे पौंडांच्या आसपास. भेट जूनच्या मध्यावर ठरली. मुदत जूनअखेरची. मोकळे दिवस फारसे उरले नव्हते.

कागद गोळा करणं हे तपासणीपेक्षा अवघड गेलं. तपासनिसाने आधीच यादी पाठवली होती. कुठलं युनिट कुठे आहे, कधी बसवलं, मूळ पुस्तिका, देखभालीच्या नोंदी, गॅसच्या नोंदी, टायमर कसा लावलाय, वीजबिलं. आमच्याकडे यातलं एकच होतं, शेवटच्या सर्व्हिसिंगचं बिल. आधीचे मालक भले गृहस्थ, निवृत्तीच्या वयाचे. त्यांनी गॅरेजमधली खोकी उपसून मूळ कोटेशन शोधून दिलं. त्यावरून बसवल्याचं वर्ष २०१४ कळलं. म्हणजे पहिली तपासणी २०१९ पर्यंत व्हायला हवी होती. त्यांना या नियमाबद्दल कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ते मला परत परत सॉरी म्हणत होते आणि मला त्यांच्यावर रागावता येईना.

देखभाल करणारी कंपनी मात्र टाळाटाळ करत होती. जुन्या नोंदी जुन्या ग्राहकाच्या नावावर आहेत, आम्हाला देता येणार नाहीत, शोधायला वेळ लागेल, असं रोज नवीन कारण. शेवटी काकांनी सांगितलेलं वाक्य ईमेलमध्ये लिहिलं: गॅसच्या नोंदींची प्रत पाच वर्षं जपून ठेवणं दुरुस्ती करणाऱ्यावरही बंधनकारक आहे, ती पाठवा. संध्याकाळी नोंदी आल्या. दोन वर्षांच्या होत्या, बाकीच्या नव्हत्याच. जे होतं ते छापून फायलीत लावलं.

२०२३ चा जून ब्रिटनच्या नोंदींमधला सर्वांत उष्ण जून ठरला. तपासणीच्या दिवशी सकाळीच उकडत होतं. औषधांच्या दुकानात हा सुखसोयीचा प्रश्न नसतो. खूपशा औषधांच्या खोक्यावर ‘२५ अंशांखाली ठेवा’ असं छापलेलं असतं आणि मागच्या खोलीचं तापमान आम्ही रोज वहीत लिहितो. आदल्या वर्षी, १९ जुलै २०२२ ला, लिंकनशायरमधल्या कोनिंग्जबीला ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. या देशात पाऱ्याने त्या दिवशी पहिल्यांदाच चाळिशी ओलांडली. त्या आठवड्यात मी जिथे नोकरी करत होते, तिथे औषधं एका खोलीतून दुसरीकडे हलवत बसलो होतो. ती धावपळ डोक्यात होती.

तपासनीस स्वतःची शिडी घेऊन आला. कमी बोलणारा माणूस. आधी सगळं दुकान नुसतं फिरला. खिडक्या कुठल्या दिशेला, दिवे कसले, दिवसभरात माणसं किती येतात, संगणक किती, फ्रिज किती, हे टिपून घेतलं. मग पुढच्या कॅसेटची जाळी उघडली. फिल्टर काढून माझ्या हातात दिला. त्यावर राखाडी रंगाचा थर होता, जाड घोंगडीच्या तुकड्यासारखा. औषधं पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतात, दिवसभर खोकी फुटतात, त्याची धूळ. सर्व्हिसिंगच्या बिलावर ‘फिल्टर साफ केले’ असं लिहिलेलं होतं.

मग त्याने भिंतीवरचे दोन्ही रिमोट बघितले आणि मला बोलावलं. दाराजवळचा एसी १९ वर, थंड. काउंटरवरचा २३ वर आणि चक्क हीटिंगवर. एकाच खोलीत, मध्ये भिंत नाही, काही नाही. एक गार करतोय, दुसरा ते गरम करतोय, आणि दोघांच्या विजेचं बिल आम्ही भरतोय. कारण विचारलं तेव्हा काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की गार झोत थेट मानेवर येतो, म्हणून तिने थंडीच्या दिवसांत बदललं ते तसंच राहिलं. तिचं म्हणणं खरंच होतं. तपासनिसाने झोताची दिशा बदलायची पाती दाखवली. ती वळवल्यावर तिचा प्रश्न तिथेच सुटला.

टायमर बघितला तर तो हिवाळ्याच्या वेळेवर होता. मार्चमध्ये घड्याळं एक तास पुढे गेली, ती त्याच्यात कुणी बदललीच नव्हती. शिवाय पुढच्या भागाचे एसी रात्रभर चालू राहत होते. औषधांसाठी लागतात, अशी आधीपासूनची समजूत. पण पुढच्या भागात साबण, शाम्पू, डायपर. रात्री थंडावा लागतो तो फक्त मागच्या खोलीला.

सर्वांत मोठी गोष्ट अंगणात निघाली. आउटडोअर युनिटं दिसू नयेत म्हणून कुणीतरी त्यांच्यासमोर लाकडी फळ्यांचं सलग कुंपण घातलं होतं. मला ते नीटनेटकं वाटायचं. तपासनिसाने तापमापक काढला. मोकळ्या अंगणात २६ अंश. युनिटच्या मागून आत शिरणाऱ्या हवेत धरला तर ३३. युनिट समोरून गरम हवा फेकतं, ती कुंपणाला आपटून वळते आणि मागून परत आत ओढली जाते. आपणच सोडलेली गरम हवा यंत्र पुन्हा घेतं. मग कॉम्प्रेसर जास्त राबतो, वीज जास्त खातो आणि खोली मात्र हवी तितकी गार होत नाही. मागच्या खोलीत दुपारी पारा २४ च्या वर का सरकतो, हे कोडं आम्हाला एप्रिलपासून होतं. नवीन मोठा एसी घ्यावा लागेल, असं देखभालीच्या कंपनीने सुचवलंही होतं. ते कोटेशन टेबलावर पडलेलं होतं.

तांब्याच्या नळ्यांवरचं काळं वेष्टण उन्हाने फाटलं होतं, तेही त्याने टिपलं. यातलं काहीही त्याने दुरुस्त केलं नाही. त्याचं ते काम नसतं. गॅसला हात लावला नाही, नट उघडला नाही. बघितलं, मोजलं, विचारलं, फोटो काढले आणि गेला.

अहवाल मुदतीच्या आत सरकारी नोंदवहीत चढला. दोन कागद मिळतात, एक छोटं प्रमाणपत्र आणि एक सविस्तर अहवाल. प्रमाणपत्रावर पुढच्या तपासणीची तारीख असते. अहवालात सगळं आलं होतं, वर मला न सुचलेली एक गोष्टही होती. पुढच्या भागाला १४ किलोवॉटची गरजच उरलेली नाही. २०१४ साली तिथे छतभर हॅलोजनचे दिवे होते, ते स्वतःच खोली तापवायचे. नंतर एलईडी बसले. दिव्यांची उष्णता गेली, एसी तेवढाच राहिला. तेव्हा यंत्रं जुनी होऊन बदलायची वेळ येईल त्या वेळी कमी क्षमतेची घ्या, असं त्यात लिहिलं आहे. आतापर्यंत ज्यांनी ज्यांनी आम्हाला सल्ला दिला, त्यांनी मोठंच घ्यायला सांगितलं होतं. ते सगळे यंत्र विकणारे होते. हा पहिला माणूस, ज्याला आम्हाला काही विकायचं नव्हतं.

अहवालातल्या शिफारशी अमलात आणणं कायद्याने बंधनकारक नाही. तपासणी करणं आणि अहवाल ठेवणं बंधनकारक. हे कळल्यावर पुष्कळ जण अहवाल फायलीत लावून मोकळे होतात, असं काका म्हणाले. मला ते पटत नाही. पैसे भरलेच आहेत, तर निदान फुकटात होणारी कामं करावीत. नवऱ्याने त्या रविवारी कुंपणाच्या फळ्या काढल्या आणि युनिटांपासून लांब, मध्ये फटी ठेवून पुन्हा ठोकल्या. पुढच्या भागाचा टायमर रात्री बंद केला, वेळ दुरुस्त केली. उन्हाळ्यात दोन्ही कॅसेट फक्त थंडवर आणि २४ वर ठेवल्या. पुण्याच्या भावाला सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे २०२० पासून नवीन घरगुती एसी चालू केला की २४ वरच सुरू होतो, तसा नियमच आहे. फिल्टर आता आम्हीच महिन्याला काढून धुतो, त्याला अवजार लागत नाही. वेष्टण दुरुस्त करून घेतलं. देखभालीची कंपनी बदलली. नवीन एसीचं कोटेशन परत पाठवलं.

उपयोग झाला का? सप्टेंबर २०२३ मध्ये या देशात कुठे ना कुठे सलग सात दिवस पारा ३० अंशांवर गेला. सप्टेंबरात असं पूर्वी कधी झालं नव्हतं. त्या आठवड्यात मागच्या खोलीची वही मी स्वतः भरत होते. पारा २३ वर गेला नाही. तोच जुना एसी, तीच खोली. बिलाबद्दल मी छातीठोकपणे सांगणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात विजेचा वापर चांगलाच कमी झाला, पण २०२४ चा उन्हाळा इथे २०१५ नंतरचा सर्वांत थंड होता. किती वाचलं कुंपणामुळे आणि किती हवेमुळे, ते वेगळं काढता येत नाही.

त्याच सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत हा विषय निघाला. आमच्यात रेस्टॉरंटवाले आहेत, पाळणाघर चालवणारी आहे, दातांचे डॉक्टर आहेत. जवळजवळ कुणालाच हे माहीत नव्हतं. दातांच्या डॉक्टरांकडे तीन खोल्यांत ५-५ ची तीन युनिटं, म्हणजे १५, त्यांना तपासणी लागते. पाळणाघराकडे साडेतीनची दोन, म्हणजे ७, तिला लागत नाही. तिला उगाच भीती घालून तपासणी विकायला कुणी आलं, तर तिने नाही म्हणायला हवं. एक अकाउंटंट मोठ्या इमारतीत चौथ्या मजल्यावर बसतात, एसी सगळ्या इमारतीचा एकच. त्यांच्या हातात फक्त तापमानाचं बटण. तिथे जबाबदारी इमारत चालवणाऱ्यांची, यांची नाही. रेस्टॉरंटवाल्या दादांनी तिथेच मोबाइल काढून पोस्टकोड टाकला. त्यांचा अहवाल होता, पण मुदत आदल्याच वर्षी संपली होती.

इंग्लंडमध्ये कुणी दुकान, क्लिनिक किंवा हॉटेल घेणार असाल, तर सही करण्याआधी तिथला पोस्टकोड सरकारी नोंदवहीत टाकून बघा. अहवाल नसेल तर विकणाऱ्याला सांगा, आधी तपासणी करून द्या, नाहीतर तेवढी रक्कम किमतीतून कमी करा. सही होईपर्यंत हे मागता येतं. किल्ल्या हातात आल्या की तीन महिने मोजायला सुरुवात होते आणि ते तुमच्या नावावर मोजले जातात.